पाच बोल्ट, साक्षीदार नाही

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ७.१०

आजपासून रोजनिशी. कारण टेक्निकल आहे. मोठं काम हातात घेतलं की नोंद ठेवावी लागते, नाहीतर नंतर लोक विचारतात आणि आपल्याकडे कागद नसतो. सध्या विचारणारं कोणी नाही. पण शिस्त ती शिस्त.

काम: गाडी रस्त्यावर आणणे. मुदत: १ मार्च. हातात दिवस सव्वीस. काम दहा दिवसांचं. म्हणजे सोळा दिवस आरामाचे.

पार्श्वभूमी थोडक्यात. ही डिसेंबरपासून थोरल्या बहिणीकडे आहे. गुडघ्यासाठी. हवापालट. जाताना टेम्पो बोलावून शिलाई मशीन नेलं, कारण पायमशीन चालवल्याने गुडघ्याला व्यायाम होतो. गॅलरीतल्या दोन मोठ्या कुंड्याही नेल्या, खालच्या बैठकांसकट, कारण मी पाणी घालायला विसरेन म्हणाली. स्वभावच काळजीचा. थंडीचे कपडे नेले आणि उन्हाळ्याचेही नेले. हवापालट म्हटल्यावर हवेचा काय भरवसा.

काल फोनवर कळलं की दोघी बहिणी मिळून शिवणकामाचं दुकान घेताहेत. एक तारखेला सह्या. करार वर्षाचा. मी विचारलं, मग घरी कधी येणार. तर म्हणाली, गाडी घेऊन या न्यायला, येते. इतकं स्पष्ट. दुखऱ्या गुडघ्याला बसचे धक्के सोसत नाहीत, हे मी समजू शकतो.

गाडी नऊ वर्षं अंगणात विटांवर उभी आहे, पण फक्त मागून. पुढची दोन्ही चाकं जागेवर आहेत. म्हणजे अर्धी गाडी तयारच आहे.

४ फेब्रुवारी, मंगळवार

गाडीची पाहणी केली. सिस्टिमॅटिक, पुढून मागे.

इंजिन: बॉनेट उघडलं. आत चिमण्यांचं घरटं. रिकामं. बॉनेट बंद केलं. इंजिनाचं चाकं बसल्यावर बघू. एका वेळी एक काम.

मागची चाकं: नऊ वर्षांपूर्वी चोरीला जाऊ नयेत म्हणून मीच काढली आणि सुरक्षित ठिकाणी ठेवली, हे पक्कं आठवतं. ठिकाण आठवत नाही. माळा, पलंगाखाली, जिन्याखाली, सगळं पाहिलं. मिळाली नाहीत. चोराचं सोडा, मालकालाही सापडू नयेत इतकी सुरक्षित. त्याबद्दल स्वतःला दोष देता येत नाही, उलट कौतुकच केलं पाहिजे.

निष्कर्ष: दुसरी जुनी चाकं आणावीत.

संकल्प: रोज दोन तास गाडीला. रोज एकदा स्वयंपाक, ब्रेड सोडून.

६ फेब्रुवारी, गुरुवार

ब्रेड.

रिमवाल्याकडे गेलो. जुन्या रिमांचे ढीग, मध्ये स्टूल, स्टुलावर तो. वय माझ्याएवढं, बोलणं मोजकं. गाडीचं मॉडेल सांगितलं. त्याने मान वर न करता दोन रिमा ओढल्या आणि टायर चढवून दिले. चार भोकांच्या. मी म्हटलं, नक्की? तो म्हणाला, या गाडीला चारच असतात. घरी येऊन पुढच्या चाकाचे बोल्ट मोजले. चार. माणूस जाणकार आहे.

७ फेब्रुवारी, शुक्रवार. सकाळी ९

मागच्या ॲक्सलला बोल्ट पाच आहेत. दोनदा मोजले. दुसऱ्या बाजूला जाऊन मोजले. पाच. रिमवाल्याचं ज्ञान अर्धवट आहे. एवढी वर्षं धंदा करून माणसाला पुढचं-मागचं कळू नये?

दुपारी ३

आठवलं. बारा वर्षांपूर्वी मेव्हणीकडे जाताना वाटेत मागचा ॲक्सल तुटला होता. मेकॅनिकने कुठल्यातरी दुसऱ्याच मॉडेलचा अख्खा ॲक्सल, चाकांसकट, आणून चढवला. म्हणाला, चालेल. चालला तीन वर्षं.

त्या दिवशी आम्ही रस्त्याच्या कडेला सहा तास काढले. रिकामं बसण्यापेक्षा मी किलोमीटरच्या दोन दगडांमधलं अंतर पावलांनी मोजलं. सरकारी माप सदोष निघालं. ऊन फार होतं. ही छत्री धरून पूर्ण किलोमीटर माझ्या बाजूने चालली, आणि परत येतानाही. मध्येच हसून म्हणाली होती, तुमच्याशी लग्न केलं म्हणजे पायपीट फुकट. तेव्हा गुडघे उत्तम होते.

रिमवाल्याला दोष देण्याचा प्रश्न सध्या बाजूला ठेवतो.

१० फेब्रुवारी, सोमवार

चार भोकांच्या रिमा परत केल्या. रिमवाला म्हणाला, ॲक्सल दुसऱ्या गाडीचा असेल तर मॉडेल सांगून उपयोग नाही, पीसीडी मोजून आणा. पीसीडी म्हणजे सगळे बोल्ट ज्या वर्तुळावर बसलेत त्या वर्तुळाचा व्यास. तो मिलिमीटरभर जरी चुकला तरी चाक बसत नाही. मग विचारलं, मोजता येईल ना.

मी नुसता हसलो. चौतीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. मला पाहून घाम फुटला नाही असा एक दुकानदार या शहरात दाखवा. मापात पाप हा शब्द लोक म्हण म्हणून वापरतात. माझी त्याच्यावर पेन्शन चालू आहे.

११ फेब्रुवारी, मंगळवार

खात्याचा नियम: मापाला माणसं दोन. एक घेणारा, एक साक्षीदार. साक्षीदाराशिवाय माप म्हणजे नुसतं मत. नोकरीत घेणारा मी आणि साक्षीदार आमचा शिपाई, चौतीस वर्षं तोच. घरात काही मोजायचं झालं तर ही असायची. माझ्या वहीत तिच्या सह्या आहेत. फ्रिजची उंची, खिडकीची रुंदी, नव्या गादीची लांबी. गादी दोन सेंटिमीटर कमी होती, ती मी परत करायला लावली. आणि आम्ही महिनाभर जमिनीवर झोपलो.

साक्षीदारासाठी फाटकाशी पंधरा मिनिटं उभा राहिलो. पोस्टमन आला. म्हटलं, जरा आत या. तो म्हणाला, तुमचं पत्र नाही. म्हटलं, ते माहीत आहे. तो गेला.

शेवटी एकट्यानेच मोजलं. स्टीलची पट्टी, एका बोल्टच्या मध्यापासून समोरच्या बोल्टच्या मध्यापर्यंत. समोरचा बोल्ट नेमका समोर नाही, जरा डावीकडे आहे. जुन्या गाड्यांचं असं होतं.

माप: १०८.७. वरचे ०.७ गंजाचे. पीसीडी १०८.
साक्षीदार: समोरच्यांचं मांजर. सही नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

रिमवाल्याला १०८ सांगितलं. त्याने विचारलं, पाच बोल्टांत समोरासमोर कसं मोजलंत. म्हटलं, अनुभवाने. त्याने भिंतीवरच्या तक्त्याकडे एकदा पाहिलं. मग पाच भोकांच्या दोन रिमा दिल्या. वाद घालत नाही, हा त्याचा गुण.

उद्या चाकं बसतील. परवा इंजिन. रविवारी ट्रायल. ठरल्यापेक्षा पुढे चाललो आहे.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

रिम एका बोल्टवर बसते. बाकीचे चार भोकांच्या कडेला अडतात. पाचपैकी एक, म्हणजे वीस टक्के. चार भोकांच्या रिमेचं शून्य होतं, त्यामुळे याला प्रगती म्हणावं लागेल.

पायाने ढकलून पाहिलं. आता माझाही गुडघा.

संध्याकाळी हिला फोन करून गुडघ्याचं सांगितलं. म्हणाली, शेकून घ्या. मागे मशीनचा आवाज चालू होता. व्यायाम नियमित दिसतो. पण शेकून घ्या म्हणताना काळजी लपत नव्हती. दोनदा म्हणाली. दुसऱ्यांदा मला नीट ऐकू आलं नव्हतं म्हणून.

१६ फेब्रुवारी, रविवार

वरच्या मजल्यावरच्या गणिताच्या बाई कपडे वाळत घालायला अंगणात आल्या. शाळेतून रिटायर झाल्या, पण सवय गेली नाही. मी रिम घेऊन बसलेला पाहून थांबल्या. विचारलं, अडलं कुठे. सांगितलं. त्यांनी डिकीवरच्या धुळीत बोटाने गोल काढला आणि त्यावर पाच टिंबं दिली. म्हणाल्या, बोल्ट चार असले तर प्रत्येकाच्या समोर एक असतो. पाच असले की कोणाच्याच समोर कोणी नसतं, समोर रिकामी जागा येते. म्हणून शेजारच्या दोघांतलं अंतर मोजा आणि १.७ ने गुणा. व्यास मिळेल.

मी म्हटलं, माप म्हणजे माप. गुणायचं असेल तर तो हिशेब झाला. त्या म्हणाल्या, बरं.

जाता जाता विचारलं, त्या कधी येणार, घर सुनं वाटतं. मी गुडघ्याचं सांगितलं. त्यांच्या अंगात तेच राखाडी जॅकेट होतं.

या जॅकेटची नोंद आधी केली नव्हती कारण त्याचा विषयाशी संबंध नाही. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात बाई ते न्यायला आल्या होत्या. हिने शिवलेलं. मी सहज फीत लावली आणि बाईंसमोरच सांगितलं की डावी बाही चार मिलिमीटर जास्त आहे. वस्तुस्थिती होती. ही जॅकेटची घडी घालत राहिली. पुढच्या आठवड्यात हवापालटाला गेली. दोन गोष्टी एका महिन्यात घडल्या, इतकाच संबंध.

आज बाई आपणहून म्हणाल्या, जॅकेट इतकं छान बसलंय. माझा डावा खांदा जरा उतरलेला आहे ना, त्यांनी न मोजता ओळखलं. माणसाचे दोन हात तरी कुठे सारखे असतात.

मी म्हटलं, ऊन वाढलं, कपडे वाळतील लवकर.

दुपारी जेवताना टेबलाकडे पाहिलं. खुर्च्या चार. माझ्या समोरची रिकामी. चारांतही समोर कोणी नसू शकतं, हे बाईंना सांगायला हवं होतं.

१७, १८ फेब्रुवारी

काम बंद. गुडघा.

१९ फेब्रुवारी, बुधवार

विचारांती १.७ करून पाहायला हरकत नाही. केवळ बाईंचा गैरसमज दूर व्हावा म्हणून.

संकल्प: हिचा फोन आला तर पीसीडीचा विषय काढायचा नाही. सरप्राइज द्यायचं. फोन आला नाही, त्यामुळे संकल्प पाळला गेला.

२० फेब्रुवारी, गुरुवार

स्टीलची पट्टी गाडीखाली सरकली. वाकायला कंबर राजी नाही. म्हणून खात्याची जुनी फीत काढली. निरोपसमारंभात मला हीच हवी म्हणून मागून घेतली होती. बाकीच्यांनी घड्याळ घेतलं.

शेजारचे दोन बोल्ट, मध्य ते मध्य: ७७.
७७ गुणिले १.७: १३०.९. म्हणजे १३०, गंज धरून.
साक्षीदार: कोणी नाही. मांजरही आलं नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

रिमवाला म्हणाला, १३० व्हॅनला लागतं. तुमच्याकडे गाडी आहे की व्हॅन? म्हटलं, आम्ही माणसाचं ऐकत नाही, मापाचं ऐकतो. त्याने विचारलं, घरी आणखी कोण असतं. रिमांचा आणि घराचा काय संबंध? म्हटलं, सध्या मी. त्याने माझ्यासाठी चहा मागवला. रिमा माझ्यासमोर काढून ठेवल्या आणि म्हणाला, नाही बसल्या तर आणून द्या, घाई नाही. चहा बरा होता. अर्धा तास बसलो. अडीच महिन्यांत कोणासमोर बसून प्यायलेला पहिला चहा, असं परतताना वाटलं. त्यात विशेष काही नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

एकाही बोल्टवर नाही. वीस टक्क्यांवरून पुन्हा शून्यावर.

दुपारी २

रिम मांडीवर घेऊन बराच वेळ बसलो होतो. मग फीत पाहिली आणि सगळं लख्ख कळलं.

आमच्या खात्यात फितीचं टोक कधी वापरत नाहीत. टोक झिजतं, वाकतं, खोटं बोलतं. म्हणून एक सेंटिमीटरच्या खुणेपासून सुरुवात करायची आणि आलेल्या आकड्यातून एक वजा करायचा. गुरुवारी हात सवयीने एकच्या खुणेवर गेला. ते दहा मिलिमीटर वजा करायचे राहिले. ७७ नव्हे, ६७.

इतकी साधी चूक माझ्याकडून कशी झाली, याचा विचार केला. उत्तर असं की चौतीस वर्षं मी आकडा वाचायचो आणि वजाबाकी शिपाई करायचा. मी म्हणायचो सत्याहत्तर, तो वहीत लिहायचा सदुसष्ट. कधी बोलला नाही. मीही कधी पाहिलं नाही. सह्या मात्र मी ठोकून करायचो.

जॅकेटच्या बाहीत ही चूक झाली असेल का, तेही तपासलं. नाही. दोन्ही बाह्या एकाच खुणेपासून मोजल्या होत्या, फरक तोच राहतो. चार मिलिमीटर होतेच. मी बरोबर होतो.

फक्त ते तिथे, बाईंसमोर बोललंच पाहिजे असं कुठल्या नियमात आहे, ते शोधतो आहे. नियमांचं पुस्तक माळ्यावर आहे. पूर्ण वाचलं. सापडलं नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

माप पुन्हा घेतलं. ७७ वजा १०, बरोबर ६७. गुणिले १.७. उत्तर ११३.९. रिमवाल्याच्या भिंतीवरच्या तक्त्यात ११४.३ आहे, तेच हे.

पीसीडी ११४.३. यावेळी गंज धरला नाही.
साक्षीदाराची जागा कोरी सोडली आहे.

२४ फेब्रुवारी, सोमवार

रिमवाला आकडा ऐकून म्हणाला, आता बरोबर. पण ढिगात तसली जोडी नाही. पाच भोकं, ११४, या साइझच्या लोखंडी रिमा आता दुर्मिळ आहेत. महिनाभर लागेल, कदाचित दीड. आणखी तीन दुकानं सांगितली. तिन्हीकडे गेलो. तिघांनीही आधी विचारलं, पाच बोल्टांचं माप नीट घेतलंत का. मी तिघांनाही शेजारचे दोन बोल्ट आणि १.७ समजावून सांगितलं. एकाला धुळीत काढून दाखवलं. त्यांना माहीत होतं.

रिम कुठेच नाही.

२६ फेब्रुवारी, बुधवार

मुदतीला तीन दिवस. परिस्थिती नियंत्रणात आहे, फक्त चाकं नाहीत.

हिला फोन केला. म्हटलं, करार महिनाभर पुढे ढकला, गाडी येतेच आहे. ती म्हणाली, जागा कोणी महिनाभर अडवून ठेवत नाही. मग विचारलं, जेवता ना नीट. हो म्हटलं. खोटं बोललो नाही, नीट म्हणजे किती याचं प्रमाण कुठे ठरलेलं नाही. मग म्हणाली, इतके दिवस काय करत होतात.

संकल्प मोडला. सगळं सांगितलं. चार भोकं, पाच बोल्ट, मांजर, १०८, १३०, शिपाई, वजाबाकी. बाईंच्या जॅकेटचंही सांगितलं. खांद्याचं. तिने मध्ये एकदाही तोडलं नाही. माझं संपलं तेव्हा मशीनचा आवाज थांबलेला होता. बहुतेक वीज गेली असावी.

पायमशीनला वीज लागत नाही, हे फोन ठेवल्यावर लक्षात आलं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

निर्णय: उद्या प्रत्यक्ष जाऊन करार पुढे ढकलायला लावणे. टेक्निकल गोष्टी फोनवर पटत नाहीत. गाडी नसल्यामुळे नाइलाजाने बस. शर्टाला इस्त्री केली. फीत खिशात. मुद्दे तीन काढले आहेत: एक, ११४.३ सापडला आहे. दोन, फक्त रिमा यायच्या आहेत. तीन, वर्ष फार मोठं असतं.

तिसरा मुद्दा आधी घ्यावा का, यावर विचार चालू.

१ मार्च, शनिवार. संध्याकाळी ७.४०

सकाळी साडेनऊची बस. दहा चाळीसला पोचलो. दुकान स्टँडपासून पाच मिनिटांवर. मालकांनी किल्ली आठवडाभर आधीच दिलेली. एक खोली, दोन खिडक्या, लांब टेबल. मेव्हणी इस्त्री करत होती. ही खिडकीशी मशीनवर, नवा चष्मा. मला पाहून उठली. गुडघ्यावर हात न ठेवता, सरळ उठली.

मुद्दा क्रमांक एक सुरू केला. ११४.३ म्हणालो आणि तिथेच थांबलो. कोपऱ्यात कपडे घालून बघायला पडदा लावला होता. दोन उभे पाइप, वर दांडी, दांडीवर पडदा. पाइप पडू नयेत म्हणून खाली दोन गोल लोखंडी बैठका, मधल्या भोकात सिमेंट भरून पाइप रोवलेले. बैठका हिरव्या. हिरव्यात पाच भोकं.

मी खाली बसलो. फीत काढली. एकची खूण, शेजारची दोन भोकं, ७७, वजा दहा. ६७.

मेव्हणी म्हणाली, काखेत कळसा. आणि पुन्हा इस्त्री फिरवू लागली. ही म्हणाली, कुंड्यांखालच्याच या. तुम्हीच ठेवल्या होत्या गॅलरीत, टायर काढून, रंग देऊन, वाऱ्याने कुंडी कलंडू नये म्हणून. वजन करून मला सांगितलं होतंत. मी टेम्पोत घालताना विचारलंही होतं, या नेऊ का. तुम्ही पेपरातून मान वर न करता म्हणालात, ने.

आठवलं. नऊ वर्षं रोज सकाळी चहाचा कप घेऊन मी त्यांच्या शेजारी उभा राहायचो. हीही उभी राहायची. बोलायची काहीतरी. काय बोलायची ते आज खूप प्रयत्न करूनही आठवलं नाही, आणि मला फार वाईट वाटलं.

ती म्हणाली, हव्या असतील तर न्या, पाइप आम्ही दुसऱ्या कशात रोवू. मुदतीच्या दिवशी, माप जुळलेल्या, घरच्याच रिमा. मी म्हटलं, राहू देत. इथे बऱ्या आहेत.

मग म्हणाली, फीत हातात आहेच तर हा पडदा बघा, दोन्ही बाजू सारख्या आहेत का. तिने वर दांडीशी टोक धरलं. मी खाली वाचलं. आधी उजवी, मग डावी. डावी चार मिलिमीटर जास्त. दोनदा पाहिलं. चारच.

तिने विचारलं, सारखं आहे ना.

म्हटलं, सारखं आहे.

तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. कापड तिचं, कात्री तिची, तिला माहीत नसेल असं होणं शक्य नाही. मग बरं म्हणाली आणि टोक सोडलं.

माप: पडदा. दोन्ही बाजू समान.
साक्षीदार: ही.

बाराला जागेचे मालक करार घेऊन आले. दोघी बहिणींनी सह्या केल्या. मालक म्हणाले, खाली साक्षीदाराची सही लागते, या दोघी सोडून कोणाची तरी. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. मी पूर्ण करार वाचला. वर्षाचा. जागेचं माप दिलं होतं, ते मी तपासलं नाही. सही केली.

जेवण तिथेच झालं. ती माझ्या समोर बसली होती.

संध्याकाळी स्टँडवर सोडायला चालत आली. फीत दुकानातच राहिली, मी मागितली नाही. बस लागलेली होती. ती म्हणाली, तासाभराचाच तर रस्ता आहे. मी म्हटलं, एक तास दहा मिनिटं. ती म्हणाली, मग आधी का नाही आलात.

रागाने नाही. खरंच विचारत होती. बस सुटायला चार मिनिटं होती. ती चारही मिनिटं आम्ही तिथे समोरासमोर उभे होतो.